सामान कोण उचलणार?

आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत सामान बांधण्याची विद्या कुणी वेगळी शिकवत नाही. ज्या घरातला निदान एक माणूस कुवेत, दुबई, जेद्दा किंवा मस्कतला आहे, त्या घरातल्या लहान पोरालाही विमानात किती किलो नेता येते ते ठाऊक असते. कार्टनला आडवी-उभी दोरी कशी मारायची, चारही बाजूंना मार्करने नाव कसे लिहायचे, अत्तराची बाटली टॉवेलात कशी गुंडाळायची, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी किती फेरे लावायची, हे सारे आम्ही पाहत पाहत शिकतो. जाण्याच्या आदल्या रात्री ओटीवर हुकाचा वजनकाटा निघतो. वजन जास्त भरले की अम्मी वड्यांचा डबा बाहेर काढते. थोड्या वेळाने तोच डबा गुपचूप आत जातो आणि अब्बांचे जाड स्वेटर बाहेर येते. मग पुन्हा काटा. काटा कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून शेवटी सगळे त्याचे ऐकतात.

हाच समाज घरातली मुलगी तीन रात्रींसाठी शाळेच्या शिबिराला निघाली की काटा साफ विसरतो.

मी खेड तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षे शाळेच्या गाईड कंपनीचे काम पाहते. गाईड म्हणजे मुलींचे स्काउट. हिंदुस्थानातली पहिली गाईड कंपनी १९११ साली जबलपूरला निघाली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या स्काउट संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही तिच्यात सामील झाल्या. इतका जुना वारसा असूनही आमच्या भागातल्या उर्दू शाळांत मुलींचे तंबूतले शिबिर ही अजून नवलाईची गोष्ट आहे. मुलगी शिकावी, दहावीला चांगले गुण मिळवावेत, डी.एड., बी.एड. करावे, इथपर्यंत आता बहुतेक घरे आली आहेत. मुलीने रात्री घराबाहेर झोपावे, इथे मात्र पाऊल अडते. आणि हे अडणे नेहमी स्पष्ट नकाराच्या रूपाने येत नाही. पुष्कळदा ते सामानाच्या रूपाने येते.

२०१६ च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा शिबिराला गेले ती एका ज्येष्ठ बाईंची सहायक म्हणून. दापोली तालुक्यातले समुद्राजवळचे एक गाव, तिथल्या प्राथमिक शाळेचे पटांगण, चार तंबू आणि चोवीस मुली. मुलींबरोबर आलेले सामान बघून गावकऱ्यांना वाटले असेल की एखादे लग्नाचे वऱ्हाडच उतरते आहे. कापसाची गादी, तिच्यावर गोधडी, तिच्यावर ब्लँकेट. चार दिवसांसाठी सात जोड कपडे, त्यात एक ईदचा. फराळाचे डबे, उकडलेली अंडी, बिस्किटांचे पुडे, पाण्याची पाच लिटरची कॅन. एका मुलीच्या पिशवीत स्टीलची बादली, टमरेल आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. दुसरीकडे घरची उशी होती, कारण तिला परक्या उशीवर झोप लागत नाही असे तिच्या खालाने लिहून पाठवले होते.

या सामानामागे माया होती, यात शंका नाही. पण आणखीही एक गोष्ट होती, ती मला शिबिराच्या पहिल्या दुपारी दिसली. गादी आणि तीन पिशव्या तेरा वर्षांच्या मुलीला उचलत नाहीत. मग सामान उचलायला कुणाचा भाऊ आला, कुणाचा मामू, कुणाचा चाचा. सामान तंबूपर्यंत पोचवून हे लोक लगेच परतले नाहीत. त्यांनी न्हाणीघराचे दार ढकलून पाहिले, तंबूचा पडदा वर केला, पटांगणाला कुंपण किती उंच आहे ते मोजले, गावातली पोरे कुठे क्रिकेट खेळतात ते पाहिले. कुणी उघड काही बोलले नाही. पण मगरिबच्या आधी दोन मुली 'घरी आजी आजारी आहे' म्हणून परत गेल्या. त्यांच्या गाद्या पुन्हा टेम्पोत चढल्या. जाताना त्यातल्या एकीने तंबू उभारायची मोगरी हातातून खाली ठेवली, ती अगदी हळू ठेवली. खुंटी अर्धीच आत गेली होती.

पुढच्या वर्षी कंपनीची जबाबदारी माझ्याकडे आली. संमतिपत्रे घेऊन मी घरोघर फिरू लागले. एका घरात मुलीची नानी तिचा सगळा कारभार पाहत होती. मुलीचा बाप कुवेतला, आई सासरच्या माणसांच्या आजारपणात गुंतलेली. नानीने मला चहा दिला, माझ्या अब्बांची चौकशी केली, संमतिपत्र नातीकडून वाचून घेतले. शेवटी म्हणाली, "टीचर, तुम्ही आहात म्हणून भीती नाही. पण पोरीसोबत कुणी तरी जायला हवं. तिचं सामान कोण उचलणार?"

मी म्हटले, "नानी, तीच उचलेल."

"एवढं?"

"एवढं नाही. तिला उचलेल एवढंच."

नानी हसली. तिला ती थट्टा वाटली असावी. मला मात्र घरी येईपर्यंत तो प्रश्न सुटेना. सामान कोण उचलणार, या एका प्रश्नात आमच्या मुलींच्या प्रवासाची सगळी अडचण साठवलेली आहे. ज्या मुलीला आपली पिशवी स्वतः उचलता येत नाही, तिच्याबरोबर एक पुरुष पाठवावा लागतो. त्याला सुट्टी नसली की मुलगी घरी राहते. तो आला की मुलीने कुठे राहायचे आणि किती वेळ राहायचे ते तोच ठरवतो. तेव्हा आधी पिशवी हलकी व्हायला हवी. बाकीचे बोलणे मागाहून करता येईल.

हलकी म्हणजे किती? शाळेच्या दप्तराबद्दल सरकारने सांगितलेले आहे की दप्तराचे ओझे मुलाच्या स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही हेच प्रमाण आहे. चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. शिबिराची पिशवी रोज वाहायची नसते, म्हणून आम्ही एक किलोची मुभा दिली. पाच किलो. वर्गातल्या एका मुलीने घरून अब्बांचा हुकाचा काटा आणला. विमानतळासाठी घेतलेला तो काटा शाळेच्या व्हरांड्यात खुंटीला टांगला. निघण्याच्या तीन दिवस आधी प्रत्येकीने भरलेली पिशवी आणायची, काट्याला लावायची आणि आकडा स्वतः फळ्यावर लिहायचा. पहिल्या दिवशी फळ्यावरचे आकडे नऊपासून चौदापर्यंत होते.

काय काढायचे, हे मी सांगायचे नाही असे ठरवले होते. मुलींकडूनच ते यायला हवे होते. इथे मला बी.एड.चे पाठ टाचण कामी आले. टाचणात उद्दिष्टासमोर शैक्षणिक साहित्य लिहावे लागते, आणि ज्या साहित्याला समोर उद्दिष्ट नाही ते मार्गदर्शक लाल शाईने खोडतात. मी मुलींना वहीचे पान उभे दुमडायला सांगितले. डावीकडे वस्तू, उजवीकडे ती कोणत्या दिवशी, कोणत्या कामाला लागणार. ज्या वस्तूसमोर 'लागली तर' एवढेच लिहिता आले, ती बाजूला ठेवायची. सात जोड कपड्यांपैकी चार 'लागले तर'मध्ये गेले. ईदचा जोड ज्या मुलीने आणला होता तिने समोर 'फोटोसाठी' असे लिहिले होते. सगळ्या हसल्या, पण ते प्रामाणिक उत्तर होते, म्हणून तिला तो ठेवू दिला. त्यासाठी तिने आपणहून दुसरा एक जोड काढला.

दुसरी गोष्ट वाटणीची. चोवीस मुलींनी चोवीस टूथपेस्ट, चोवीस साबण, चोवीस तेलाच्या बाटल्या का न्याव्यात? गाईडमध्ये सहा ते आठ मुलींची एक टोळी असते आणि टोळ्यांना फुलांची नावे असतात. आमच्या तीन टोळ्या, गुलाब, मोगरा आणि चाफा. टोळीला एक टूथपेस्ट, एक तेलाची बाटली, कपडे धुण्याचा एक साबण, दोन टॉर्च. चोवीस जानमाजांऐवजी जमातीच्या सभागृहातली एक लांब सतरंजी, जी दिवसा बसायला, नमाजला अंथरायला आणि रात्री चटयांखाली घालायला, अशी तिन्ही कामे करते. गाद्या बंद झाल्या. चटई, तिच्यावर चादर, आणि अंगावर घ्यायला एक शाल किंवा पातळ ब्लँकेट. डिसेंबरातल्या पहाटे समुद्राकडून गारवा येतो, म्हणून कानटोपी किंवा जाड ओढणी यादीत कायम राहिली. तिचे वजन नगण्य आणि ऊब पुष्कळ.

एक विषय आयांच्या मनात होता आणि ओठांवर येत नव्हता. मुलीला तिथे पाळी आली तर? या एका भीतीपोटी कितीतरी जास्तीचे कपडे, टॉवेल, चादरी पिशवीत भरल्या जात. त्यावर उपाय सोपा होता. प्रत्येक तंबूत एक झाकणाचा डबा. त्यात पॅड, जुने वर्तमानपत्र, कागदी पिशव्या आणि एक जादा सलवार. डबा तंबूच्या कोपऱ्यात असतो. कुणाला विचारायचे नाही, कुणाला सांगायचे नाही. आयांच्या बैठकीत मी तो डबा उघडून दाखवला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एका आईने विचारले, "हे दर वर्षी असतं का?" मी होय म्हटले. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे आकडे माझ्या कुठल्याही भाषणाने उतरले नसते इतके उतरले.

मुलींच्या पिशव्या पाच किलोंवर आल्या तेव्हा त्या आपापली पिशवी घेऊन एस.टी.ने जाऊ लागल्या. दोन टेम्पोंचे भाडे वाचले, शिबिराची वर्गणी कमी झाली, आणि वर्गणीपायी मागे राहणाऱ्या दोन-तीन मुलींची नावे यादीत आली. आता प्रश्न राहिला सामाईक सामानाचा, म्हणजे तंबू, भांडी, शिधा, दोऱ्या, बादल्या आणि औषधे यांचा. हे एका छोट्या टेम्पोत फाट्यापर्यंत जाते. फाट्यापासून गावातल्या शाळेपर्यंतची वाट बांधाबांधाने, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, टेम्पो वळत नाही. तिथे गावातल्या एका काकांच्या पॉवर टिलरची दोन चाकी ट्रॉली मिळते. लांबी साडेपाच फूट, रुंदी साडेतीन फूट. काकांना शेताची कामे असतात, ते एकच खेप करतात. म्हणून जे काही न्यायचे ते त्या साडेपाच बाय साडेतीनमध्ये मावले पाहिजे. यादीला याहून चांगला मास्तर नाही. आम्ही शाळेच्या पटांगणात खडूने तेवढाच चौकोन आखतो आणि सामान आधी त्यात रचून बघतो.

ट्रॉली भरायची कशी हे काकांनी शिकवले. पहिल्या खेपेला मुलींनी जड भांडी आणि शिधा मागच्या फळीशी रचला, कारण उतरवायला तेच सोपे. काकांनी नुसते पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, ट्रॉली मागं बसली की पुढून उडते. मग माझ्या हातातला टिलर माझं ऐकत नाही." ट्रॉलीला मध्ये एकच आस. तिच्या मागे वजन गेले की पुढची जोडाची कडी वर उचलली जाते. फार पुढे गेले तर सगळा भार टिलरवर पडतो. मी तिथेच, वाटेवर, तरफेचा धडा घेतला. मराठीत तरफ, आमच्या उर्दू पुस्तकात बैरम. टेकू कुठला, भार कुठला, बल कुठले, हे मुलींनी वर्गात पाठ केले होते. काकांनी मागच्या फळीवर पाय ठेवून दाबले आणि कडी वर आली, तेव्हा ते त्यांना दिसले. जड वस्तू तळाला, आसाच्या वर आणि किंचित पुढे. दोन्ही चाकांवर सारखे वजन. हलके वर आणि मागे. मग दोरी आडवी-उभी, आणि दोरी मारल्यावर हाताने हलवून बघायचे. मोटारीमागे जोडायच्या छोट्या ट्रेलरलाही हाच नियम आहे. तिथे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार जोडावर असावा असे सांगतात.

अशा छोट्या ट्रेलरची अमेरिकेत एक जुनी जात आहे. १९३० च्या दशकापासून तिथले लोक मोटारीमागे पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा एक ट्रेलर लावून मुक्कामाला जातात. आत दोन माणसांना झोपण्यापुरती जागा, उभेसुद्धा राहता येत नाही. मागचे झाकण वर उचलले की तिथे स्वयंपाकघर. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी पातेले, मीठ, सुरी, सारे ठरलेल्या खणात. आपल्या स्काउटिंगची सुरुवात बेडन पॉवेल यांच्या ब्राउनसी बेटावरच्या १९०७ च्या शिबिराने झाली. पुढे इंग्लंडातली पथके तंबू-भांडी दोन चाकांच्या हातगाडीवर लादून ती स्वतः ओढत नेत. मी मुलींना या दोन्हींची चित्रे दाखवली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हे तर लमाणांच्या आणि ऊसतोडीवाल्यांच्या गाडीसारखं झालं." तिचे म्हणणे खरे होते. ऊसतोड कामगाराची बैलगाडी म्हणजे सहा महिन्यांचे घर. फरक एवढाच की ते लोक हौसेने जात नाहीत. चाकांवर संसार मांडण्याची अक्कल त्यांच्याकडे सर्वांत जास्त आहे, आणि ती त्यांना कुणी विचारत नाही.

ट्रॉलीसाठी आम्ही आंब्याच्या हंगामानंतर रिकामे पडलेले सहा प्लॅस्टिकचे क्रेट मागून आणले. एका कामाचा एक क्रेट. स्वयंपाकाची भांडी, शिधा, दिवे आणि दोऱ्या, साफसफाई, औषधे, कागदपत्रे. प्रत्येकावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, उर्दूत आणि मराठीत. उर्दू मुलींसाठी आणि मराठी काकांसाठी. आतल्या बाजूला त्या क्रेटमधल्या वस्तूंची यादी. जमातीची मोठी देग आम्ही घेत नाही. ती दोनशे माणसांची असते आणि तिच्यासाठी वेगळी चूल लागते. त्याऐवजी टोळीला तीन पातेली, एकात एक बसणारी, आणि सर्वांत आतल्या पातेल्यात मिठाचा नि मसाल्याचा डबा. पातेल्यातली पोकळी रिकामी नेणे म्हणजे हवा वाहून नेणे.

शिध्यात सर्वांत जास्त वजन वाचले. पूर्वी तांदळाचे पोते, डाळीचे डबे, मसाल्याच्या बरण्या जशाच्या तशा निघत आणि निम्म्या भरलेल्या परत येत. आता जेवणागणिक पिशवी असते. मुली आणि आम्ही दोघी शिक्षिका मिळून सव्वीस माणसे. खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला तर २ किलो ६०० ग्रॅम. तेवढाच तांदूळ, त्याला लागणारी डाळ, पुडीत बांधलेला मसाला, मीठ, सारे एका कापडी पिशवीत आणि वर चिठ्ठी, 'शुक्रवार रात्र'. शुक्रवारी रात्री ती पिशवी उघडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे माप मुली स्वतः काढतात. गुणाकार, भागाकार, किलो-ग्रॅम, सगळे त्यात येते. ज्या मुलीला वहीतली शाब्दिक उदाहरणे सुटत नाहीत तिलाही तांदूळ बरोबर मोजता येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

भरताना एक उलटा नियम लक्षात ठेवावा लागतो. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचे. मुक्कामी पोचल्याबरोबर लागतात तंबू, मोगरी, खुंट्या, पाणी आणि सतरंजी. ते सर्वांत वर. शिधा तळाशी गेला तरी चालतो, कारण तंबू उभे राहिल्याशिवाय चूल पेटत नाही. अंधार पडायच्या आत तंबू उभे राहिले की मुलींचे चेहरे बदलतात. अंधारात सामान उपसत बसलेली मुलगी घाबरते आणि घाबरलेली मुलगी घरी फोन करते.

काही वस्तूंना मात्र काटा नाही. औषधांची पेटी, जलसंजीवनीची पाकिटे, टॉर्चचे जादा सेल, दोरी, पावसाचे प्लॅस्टिक, सर्व घरांच्या फोन क्रमांकांची कागदावरची यादी. दम्याच्या मुलीचा एक पंप तिच्या खिशात आणि दुसरा माझ्या पिशवीत. या वस्तू चारही दिवस न वापरता परत आल्या तर त्याचा आनंदच मानायचा. 'तयार राहा' हे स्काउट-गाईडचे ब्रीद. आमच्या आया त्याचा अर्थ 'सगळे बरोबर घ्या' असा लावत. मुलींशी बोलताना मी त्यांना उर्दूतले दोन शब्द देते. तोशा आणि बोझ. तोशा म्हणजे वाटेची शिदोरी, बोझ म्हणजे ओझे. पंप हा तोशा आहे. सातवा जोड हा बोझ आहे. कोणती वस्तू कशात मोडते हे घरोघर आणि माणसागणिक वेगळे असते, पण प्रत्येक वस्तूला तो प्रश्न विचारला पाहिजे.

परत आल्यावर शाळेच्या व्हरांड्यात तीन ढीग होतात. रोज वापरलेले, एकदाच वापरलेले, हात न लागलेले. तिसरा ढीग, औषधे आणि दोऱ्या सोडून, पुढच्या वर्षीच्या यादीतून जातो. ही यादी मी लिहीत नाही, टोळीनायिका लिहितात आणि खालच्या वर्गातल्या मुलींच्या हाती देतात. एका यादीच्या तळाशी एकीने लिहिले होते, 'उशी नको. ओढणीत स्वेटर गुंडाळले की उशी होते.' बहुधा ही तीच मुलगी, जिच्यासाठी खालाने चिठ्ठी पाठवली होती.

हलके सामान झाल्यामुळे पुरुष माणसे शिबिरावर येईनाशी झाली, पण घराचे दार आम्ही बंद केले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते सहा ही पालकांची वेळ. आया येतात, नान्या-दाद्या येतात, बापही येतात. मुली त्यांना आपल्या हातचा चहा देतात, काठ्यांना दोरीची चौकोनी बांधणी करून बनवलेली भांड्यांची मांडणी दाखवतात. न्हाणीघराचे दार तेव्हाही कुणी ढकलून पाहते. पाहू द्यावे. पण आता पाहुणे ते आहेत, मुली यजमान आहेत. या सगळ्या वर्षांत भेटीनंतर मुलगी परत नेल्याचा प्रसंग आमच्याकडे पुन्हा आला नाही.

मग कोरोनाची दोन वर्षे आली. शिबिरे बंद पडली, काटा माझ्या कपाटात राहिला. २०२१ मध्ये ईदुल अज्हा २१ जुलैला होती. ती नानी तेव्हा चिपळूणला मुलाकडे राहत होती आणि तिची नात, जी एव्हाना अकरावीत जाणार होती, ईदसाठी तिथे गेली होती. त्या रात्रीच्या पावसाने २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. त्या पुराबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी निराळे काय सांगणार? त्या घरात काय झाले ते नानीने मला नंतर सांगितले, तेवढे सांगते. पहाटे उंबऱ्याशी पाणी आले तेव्हा मामू आणि त्यांचा मुलगा फ्रीज टेबलावर चढवण्याच्या खटपटीत होते. वीज गेली होती. नातीने एक पिशवी घेतली. घरातली आधार कार्डे, रेशन कार्ड, मामूंचा पासपोर्ट, घरपट्टीच्या पावत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. नानीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, टॉर्च, आगपेटी, पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटे, एक चादर घेतली. मग एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने नानीला धरून ती शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेली. ती माणसे तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत होती. खाली सगळे चिखलात गेले.

"फ्रीज गेला, टीचर," नानी म्हणाली. "गोळ्या राहिल्या."

त्या मुलीने हे सारे शिबिरात शिकले असा दावा मी करणार नाही. मुलगी मुळात शांत डोक्याची आहे. पण वस्तूसमोर काम लिहायची सवय तिच्या हाताला लागलेली होती, हे मला ठाऊक आहे. पुराच्या पाण्यात कुणी वही दुमडत बसत नाही, सवयच तेवढी कामाला येते. त्या वर्षापासून आम्ही शिबिराच्या तयारीत एक वेगळा तास ठेवला आहे. घरातले कोणते कागद कुठे आहेत, रोजच्या गोळ्या कोण घेते, पाणी आले किंवा वादळ आले तर एका पिशवीत काय न्यायचे, हे प्रत्येक मुलीने घरी विचारून लिहून आणायचे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडवली होती, त्यामुळे या तासाची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. पुष्कळ घरांत हा तास झाल्यावरच पहिल्यांदा सगळे कागद एका जागी आले. पुष्कळ मुलींना आपल्या आईच्या नावावर काय आहे आणि काय नाही, हेही तेव्हाच कळले. त्या माहितीचे पुढे काय करायचे ते त्या ठरवतील.

२०२२ पासून शिबिरे पुन्हा सुरू झाली. काका आता थकले आहेत, ट्रॉली त्यांचा मुलगा चालवतो. सामान रचायला तो खाली उतरत नाही. टोळीनायिका कडीवर हात दाबून बघते आणि 'चला' म्हणते, मग तो टिलर सुरू करतो. मुलींचे पाच किलो आता चारांवर आले आहेत. आयांच्या बैठकीत काट्याची गोष्ट मला सांगावी लागत नाही, मागच्या वर्षीच्या आया सांगतात.

नानीची नात सध्या रत्नागिरीला होस्टेलवर राहून नर्सिंग करते. गेल्या ईदला ती आली होती तेव्हा परतीच्या दिवशी मला खेडच्या स्टँडवर भेटली. पोचवायला कुणी आले नव्हते, यायची गरजही नव्हती. पाठीला एक पिशवी, हातात नानीने दिलेला डबा. मी म्हटले, "डब्याचं वजन केलंस का?"

"नाही टीचर," ती म्हणाली, "हा तोशा आहे." आणि रत्नागिरीची गाडी लागली म्हणून घाईने गेली.